छोट्या माणसांचा मोठा बँकर

अमाडिओ पीटर जियानिनी यांचे ३ जून १९४९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन मटेओ येथे निधन झाले, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. त्यांनी उभी केलेली बँक ऑफ अमेरिका ही त्या वेळी जगातील सर्वांत मोठी खासगी बँक होती. पाचशेहून अधिक शाखा आणि सुमारे सहा अब्ज डॉलरची मालमत्ता असा तिचा पसारा होता. संस्थापकाच्या मागे उरलेली वैयक्तिक मालमत्ता मात्र पाच लाख डॉलरपेक्षाही कमी भरली. ज्या देशात बँकर म्हणजे अफाट संपत्तीचा धनी अशीच समजूत होती, तेथे ही गोष्ट नवलाची ठरली.

जियानिनी यांचे नाव आज भारतीय वाचकांच्या फारसे परिचयाचे नाही. त्यांनी रुजवलेल्या पद्धती मात्र आपल्याही अंगवळणी पडल्या आहेत. पगारदार माणसाला बँकेने कर्ज द्यावे, त्याने ते हप्त्याहप्त्याने फेडावे, गावोगावी एकाच बँकेच्या शाखा असाव्यात, या गोष्टींत आज कोणाला काही विशेष वाटत नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत मात्र यांतील प्रत्येक गोष्टीसाठी झगडावे लागले. तो झगडा जियानिनी पन्नास वर्षे लढले. बँक मोठी झाली तर ती सामान्यांची राहील काय, हा त्या झगड्यातला मूळ प्रश्न होता.

देश एक, बँका हजारो

हा प्रश्न समजण्यासाठी अमेरिकन बँकांची घडण ध्यानात घ्यावी लागते. अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतर पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये एका राष्ट्रीय बँकेची स्थापना करवून घेतली. थॉमस जेफर्सन यांच्यासारख्या नेत्यांचा तिला कडवा विरोध होता. पैशाची सत्ता एका ठिकाणी एकवटली तर लोकशाहीचा गळा घोटला जाईल, अशी त्यांची धारणा होती. वीस वर्षांची सनद संपताच १८११ मध्ये ही बँक बंद झाली. १८१६ मध्ये स्थापन झालेल्या दुसऱ्या राष्ट्रीय बँकेचेही तेच झाले. तिच्या सनदेला मुदतवाढ देणारे विधेयक अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ मध्ये नकाराधिकार वापरून फेटाळले आणि १८३६ मध्ये तिची सनद संपुष्टात आली.

त्यानंतरची पाव शतके राज्य सरकारांच्या परवान्यावर चालणाऱ्या बँकांची होती. प्रत्येक बँक आपापल्या नोटा छापी. एका गावची नोट दुसऱ्या गावी पूर्ण किमतीला चालेलच, याचा भरवसा नसे. यादवी युद्धाच्या काळात, १८६३ आणि १८६४ च्या कायद्यांनी, केंद्र सरकारची सनद असलेल्या राष्ट्रीय बँका अस्तित्वात आल्या आणि चलनात एकसारखेपणा आला. नावाने राष्ट्रीय असलेल्या या बँकाही प्रत्यक्षात एकाच कचेरीतून कारभार करणाऱ्या स्थानिक बँकाच होत्या. बहुतेक राज्यांत शाखा उघडण्यास मज्जाव होता किंवा त्यावर कडक बंधने होती. परिणामी १९२१ च्या सुमारास अमेरिकेत सुमारे तीस हजार बँका होत्या. गावात पीक बुडाले की शेतकरी बुडे आणि त्याच्यापाठोपाठ गावची बँकही बुडे. बँकेचे सारे कर्जदार एकाच पिकावर जगत असल्याने दुसऱ्या भागातून तिला हात देणारे कोणीच नसे.

अडत्याच्या पेढीवरचे शिक्षण

जियानिनी यांचा जन्म ६ मे १८७० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे झाला. वडील लुइजी आणि आई व्हर्जिनिया हे इटलीतील जिनोआजवळच्या डोंगराळ भागातून आलेले. लुइजी यांनी सॅन होजेजवळच्या अल्विसो येथे शेती घेतली होती. अमाडिओ सहा-सात वर्षांचा असताना मजुरीच्या क्षुल्लक रकमेच्या वादातून एका मजुराने लुइजी यांचा गोळी घालून खून केला. तीन मुलगे पदरी असलेल्या व्हर्जिनिया यांनी पुढे लोरेंझो स्काटेना यांच्याशी विवाह केला. फळे-भाजीपाल्याच्या व्यापारात शिरलेल्या स्काटेना यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्याजवळ स्वतःची अडतीची पेढी सुरू केली.

भाजीपाल्याच्या नावा मध्यरात्रीनंतर धक्क्याला लागत. पहाटेच्या अंधारात लिलाव चालत. शाळकरी अमाडिओ तेथे घुटमळू लागला आणि पंधरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास शाळा सोडून पेढीवरच रुजू झाला. सॅक्रॅमेंटो आणि सांता क्लारा खोऱ्यांत घोड्यावरून किंवा बग्गीतून हिंडून तो शेतकऱ्यांचा माल पीक हाती येण्याआधीच ठरवून टाकी. एकोणिसाव्या वर्षी तो पेढीचा भागीदार झाला. कोणाच्या जमिनीत काय पिकते, कोण शब्दाला जागतो, कोणाला बियाण्यासाठी पैसे हवे आहेत आणि ते कोणत्या महिन्यात परत येतील, याचे ज्ञान त्याला या फिरतीत मिळाले. पुढे बँकर म्हणून जियानिनी यांनी माणसे पारखली ती याच अनुभवावर.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह क्लोरिंडा क्युनिओ यांच्याशी झाला. १९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, त्यांनी पेढीतील आपला हिस्सा कर्मचाऱ्यांना विकून व्यापारातून निवृत्ती घेतली. पुढच्याच वर्षी सासरे वारले आणि त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था जियानिनी यांच्याकडे आली. त्या मालमत्तेत नॉर्थ बीच या इटालियन वस्तीतील कोलंबस सेव्हिंग्ज अँड लोन सोसायटी या छोट्या बँकेचे भाग होते. त्या नात्याने जियानिनी तिच्या संचालक मंडळावर गेले.

दारूच्या गुत्त्याच्या जागी बँक

त्या काळी बँकेची पायरी चढणे हे सामान्य माणसाचे काम नव्हते. कोळी, फेरीवाले, गवंडी, न्हावी, नुकतेच बोटीतून उतरलेले स्थलांतरित यांना बँका उभ्या करत नसत. हे लोक आपली पुंजी गादीखाली किंवा डब्यात ठेवत आणि अडीनडीला सावकाराकडे जात. अशा लोकांना छोटी कर्जे द्यावीत, असा आग्रह जियानिनी यांनी संचालक मंडळात धरला. जुन्या संचालकांना तो मानवला नाही. वाद विकोपाला गेला आणि जियानिनी यांनी राजीनामा दिला.

१७ ऑक्टोबर १९०४ रोजी त्यांनी बँक ऑफ इटली या नावाने स्वतःची बँक सुरू केली. जागा होती कोलंबस अ‍ॅव्हेन्यू आणि वॉशिंग्टन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरची, पूर्वी दारूचा गुत्ता असलेली. वसूल भांडवल दीड लाख डॉलरचे होते. ते शक्य तितक्या अधिक हातांत विखुरलेले राहील, अशी दक्षता घेण्यात आली. वस्तीतील दुकानदार आणि कामकरी मंडळी भागधारक झाली. पंचवीस-पन्नास डॉलरचे कर्जही बँक देऊ लागली.

ग्राहक मिळवण्याची जियानिनी यांची रीत तर इतर बँकर्सच्या दृष्टीने असभ्यच होती. ते रस्त्यात थांबून लोकांशी बोलत. घरोघर जाऊन ठेव म्हणजे काय, व्याज कसे मिळते, हे त्यांच्या भाषेत समजावून सांगत. बँकेची जाहिरात करणे प्रतिष्ठेला शोभत नाही असे मानले जाण्याच्या काळात ते वर्तमानपत्रांत जाहिराती देत. स्वतःच्या बसण्याची जागाही त्यांनी बंद दालनात न ठेवता सर्वांना दिसेल अशी मोकळ्या कचेरीत ठेवली होती.

संत्र्यांखालचे सोने

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरले. पाण्याच्या वाहिन्या फुटल्या, आगी भडकल्या आणि पुढले तीन दिवस शहर जळत राहिले. सुमारे तीन हजार माणसे मृत्युमुखी पडली, अठ्ठावीस हजार इमारती नष्ट झाल्या आणि दोन लाखांहून अधिक लोक बेघर झाले.

जियानिनी शहरापासून सुमारे १७ मैलांवर, सॅन मटेओला राहत. काही अंतर रेल्वेने आणि उरलेले पायी तुडवत ते दुपारच्या सुमारास बँकेत पोहोचले. कर्मचाऱ्यांनी नेहमीप्रमाणे बँक उघडली होती. रोकड रात्री ज्या मोठ्या बँकेच्या तिजोरीत ठेवली जाई, तेथून ती आणून ठेवलीही होती. आग येथवर येणार, हे जियानिनी यांनी ओळखले. स्काटेना यांच्या पेढीच्या दोन घोडागाड्या मागवण्यात आल्या. सोने आणि रोख मिळून सुमारे ८० हजार डॉलर गाडीत ठेवून त्यावर संत्र्यांच्या पेट्या रचण्यात आल्या. लुटारूंनी भरलेल्या रस्त्यांवरून अंधार पडल्यावर या गाड्या भाजीवाल्यांच्या गाड्यांसारख्या शहराबाहेर पडल्या. सॅन मटेओच्या घरी शेकोटीच्या राखेच्या खड्ड्यात ही रक्कम दडवण्यात आली. बँकेची इमारत त्या आगीत भस्मसात झाली.

शहरातील मोठ्या बँकांच्या पोलादी तिजोऱ्या आगीतून वाचल्या होत्या, पण त्या इतक्या तापलेल्या होत्या की लगेच उघडल्या असत्या तर आतल्या नोटांनी पेट घेतला असता. त्या निवण्यासाठी काही आठवडे थांबावे लागणार होते. त्यामुळे बहुतेक बँकर व्यवहार बंद ठेवण्याच्या मताचे होते. जियानिनी यांनी धक्क्यावर दोन पिंपांवर फळी आडवी टाकली आणि बँक उघडल्याचे जाहीर केले. घर किंवा दुकान पुन्हा बांधू पाहणाऱ्यांना ते तेथल्या तेथे कर्ज देऊ लागले. कागदपत्रे जळाली होती, तारण उरले नव्हते. ओळख आणि शब्द एवढ्यावरच व्यवहार झाले. मागितलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम द्यायची आणि उरलेली निम्मी कर्जदाराने उभी करायची, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे घराघरांत दडलेला पैसा बाहेर आला आणि हाताशी असलेली थोडी रोकड पुरून उरली. नॉर्थ बीच ही वस्ती शहरात सर्वांआधी पुन्हा उभी राहिली, याचे मोठे श्रेय या फळीवरच्या बँकेला दिले जाते.

पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मोठा बँक घबराटीचा प्रसंग ओढवला आणि त्याची झळ देशभर पसरली. संकटाची चाहूल आधीच लागल्याने जियानिनी यांनी सोन्याचा साठा करून ठेवला होता. इतर बँका ठेवीदारांच्या हाती कागदी दाखले ठेवत असताना बँक ऑफ इटलीच्या खिडक्यांपाशी सोन्याची नाणी दिसतील अशी रचून ठेवलेली होती. पैसे काढायला आलेली माणसे ती पाहूनच परत गेली.

शाखांचे जाळे

१९०७ च्या घबराटीतून देशाने एक धडा घेतला आणि जियानिनी यांनी दुसरा. देशाने १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती व्यवस्था निर्माण केली. तीही एकाच मध्यवर्ती बँकेच्या स्वरूपात नव्हती. पैशाच्या एकवटलेल्या सत्तेची जुनी भीती लक्षात घेऊन देशाचे बारा विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र रिझर्व्ह बँक स्थापन झाली. जियानिनी यांना पटले ते हे की, एकाच गावावर अवलंबून असलेली बँक कधीच पुरेशी बळकट होऊ शकत नाही. अनेक गावे, अनेक पिके आणि अनेक धंदे यांत पसरलेली बँकच एका ठिकाणचा तोटा दुसऱ्या ठिकाणच्या नफ्याने भरून काढू शकते. शेजारच्या कॅनडात थोड्याच बँका देशभर शाखा उघडून सुरक्षितपणे चालत होत्या.

कॅलिफोर्नियाच्या १९०९ च्या बँकिंग कायद्याने राज्यात शाखा उघडण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी जियानिनी यांनी आपल्या जन्मगावी, सॅन होजे येथे, एक बँक विकत घेऊन तिचे शाखेत रूपांतर केले. १९१३ मध्ये ते लॉस एंजेलिसमध्ये शिरले. नंतर मध्य खोऱ्यातील शेतीच्या गावांची पाळी आली. त्यांची पद्धत ठरलेली होती. गावातील अडचणीत आलेली किंवा थकलेली बँक विकत घ्यायची, तिचे कर्मचारी शक्यतो कायम ठेवायचे, गावातील जाणत्या मंडळींचे सल्लागार मंडळ नेमायचे आणि गावकऱ्यांना बँकेचे भाग विकायचे. द्राक्षे, आलुबुखार, संत्री, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना पुरेसे कर्ज मिळू लागले आणि अनेक ठिकाणी व्याजाचे दर खाली आले.

इटालियनांबरोबरच पोर्तुगीज, ग्रीक, रशियन, स्लाव्ह अशा स्थलांतरितांसाठी त्यांच्या भाषा बोलणारे कर्मचारी नेमण्यात आले. शाळकरी मुलांची बचत खाती १९११ पासून सुरू झाली. १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्त्रियांनी चालवलेला, स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग उघडला. चित्रपट हा भरवशाचा धंदा नव्हे असे मानले जात असताना जियानिनी आणि त्यांचे डॉक्टरी सोडून बँकेत आलेले बंधू अटिलिओ यांनी हॉलिवूडच्या निर्मात्यांना कर्जे दिली. वॉल्ट डिस्ने यांच्या १९३७ च्या स्नो व्हाइट या चित्रपटाचा खर्च हाताबाहेर गेला, तेव्हा तो पुरा करण्यासाठी पैसा याच बँकेतून मिळाला.

विरोधाची धार

या वाढीला विरोधही तितकाच तिखट झाला आणि तो सर्वस्वी स्वार्थी होता असे म्हणता येणार नाही. छोट्या गावचा बँकर हा गावाचाच माणूस असे. त्याच्या बँकेतील ठेवी गावातच फिरत. शाखा आली की गावचा पैसा सॅन फ्रान्सिस्कोला वाहून जाईल आणि गावच्या कर्जाचा निर्णय गाव न पाहिलेला कोणी अधिकारी घेईल, ही भीती खरी होती. कॅलिफोर्नियातील स्वतंत्र बँकर्सनी संघटित होऊन राज्याच्या बँकिंग अधीक्षकांवर दबाव आणला आणि १९२० च्या दशकात जियानिनी यांच्या नव्या शाखांचे परवाने वारंवार अडवले गेले.

जियानिनी यांनी यावर सूत्रधार कंपन्यांचा मार्ग काढला. एका कंपनीने वेगवेगळ्या बँका विकत घ्यायच्या आणि कायदा अनुकूल होताच त्या एकत्र करायच्या. फेब्रुवारी १९२७ मध्ये मॅकफॅडन कायदा संमत झाला. या कायद्याने आंतरराज्य विस्ताराची दारे बंद केली. मात्र राज्याच्या परवान्यावरील बँकेने राष्ट्रीय सनद घेतली तर तिच्या तोवरच्या शाखा तिला राखता येणार होत्या. ही फट जियानिनी यांनी अचूक हेरली. आपल्या बँकांचे घाईने विलीनीकरण करून १ मार्च १९२७ रोजी बँक ऑफ इटलीने राष्ट्रीय सनद घेतली, तेव्हा तिच्या अडीचशेहून अधिक शाखा होत्या.

त्याच वर्षी संचालकांनी नफ्यातील हिश्शाच्या रूपाने त्यांना सुमारे १५ लाख डॉलर देऊ केले. त्यांनी ती रक्कम स्वतः न घेता कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे वळवली आणि त्यातून कृषी अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान उभे राहिले. फार पैसा जमवला की माणूस पैशाचा गुलाम होतो, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी आचरणात आणले.

घरातूनच उठलेले वादळ

१९२८ मध्ये जियानिनी यांनी ट्रान्सअमेरिका ही सूत्रधार कंपनी स्थापन केली आणि न्यूयॉर्कमधील बँक ऑफ अमेरिका ही जुनी बँक ताब्यात घेतली. देशव्यापी बँकेचे स्वप्न त्या नावात होते. १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील बँक ऑफ इटलीलाही बँक ऑफ अमेरिका हे नाव देण्यात आले. प्रकृती खालावल्याने त्यांनी सूत्रे वॉल स्ट्रीटवरील एलिशा वॉकर यांच्या हाती सोपवली आणि ते युरोपला उपचारासाठी गेले.

दरम्यान महामंदी कोसळली होती. ट्रान्सअमेरिकाचा १९२९ मध्ये साठ डॉलरच्या वर गेलेला भाग पुढे दोन-तीन डॉलरवर आला. वॉकर यांनी १९३१ मध्ये कंपनीच्या ताब्यातील बँका विकून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. जियानिनी आजारपणातून उठून गुपचूप अमेरिकेत परतले. कॅलिफोर्नियाच्या गावागावांत त्यांनी भागधारकांच्या सभा घेतल्या. ज्या शेतकऱ्यांना, वाण्यांना, न्हाव्यांना त्यांनी एकेकाळी दारोदार हिंडून भाग विकले होते, त्यांनी आपली मताधिकारपत्रे त्यांच्या हवाली केली. १५ फेब्रुवारी १९३२ रोजी विल्मिंग्टन येथील सभेत वॉकर यांचा गट मोठ्या फरकाने पराभूत झाला. भांडवल असंख्य हातांत विखुरलेले ठेवण्याचे धोरण अशा रीतीने कामी आले.

मार्च १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी देशातील सर्व बँकांना सक्तीची सुट्टी जाहीर केली. सुदृढ बँकाच पुन्हा उघडणार होत्या. बँक ऑफ अमेरिका सुदृढ आहे, असे मानायला सॅन फ्रान्सिस्कोच्या रिझर्व्ह बँकेचे प्रमुख तयार नव्हते. चारशेहून अधिक शाखांची बँक बंद राहिली असती, तर कॅलिफोर्नियातील लाखो ठेवीदार रस्त्यावर आले असते. जियानिनी यांनी वॉशिंग्टनमध्ये आपली सारी वजने खर्च केली. अखेर अर्थमंत्री विल्यम वुडिन यांनी आपल्या अधिकारात बँक उघडण्यास अनुमती दिली. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या आणि त्यांत बहुसंख्य छोट्या, एकाच कचेरीच्या बँका होत्या. कॅनडात एकही बँक बुडाली नाही.

मंदीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कर्जे थकलेल्या हजारो एकर शेतजमिनी गहाणातून बँकेकडे आल्या आणि त्या सांभाळण्यासाठी ट्रान्सअमेरिकाला एक वेगळी कंपनी चालवावी लागली. छोट्या शेतकऱ्याची म्हणून ओळखली जाणारी बँक राज्यातील एक मोठी जमीनमालक होऊन बसली. मूळच्या मालकांपैकी काही आपल्याच शेतावर कुळ म्हणून राबत होते. जियानिनी यांच्या टीकाकारांना याहून बोलके उदाहरण नको होते.

याच काळात बँकेने दुसरीकडे धाडसही दाखवले. गोल्डन गेट पुलाचे रोखे घ्यायला कोणी पुढे येत नव्हते, तेव्हा १९३२ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने साठ लाख डॉलरचे रोखे घेण्याची तयारी दर्शवली आणि काम मार्गी लागले. १९३७ मध्ये पूल खुला झाला. मोटारी, घरे आणि घरगुती उपकरणे यांसाठी हप्त्याची कर्जेही याच दशकात बँकेने मोठ्या प्रमाणावर दिली.

सरकारशी अखेरपर्यंत सामना

१९४५ मध्ये बँक ऑफ अमेरिका न्यूयॉर्कच्या चेस बँकेला मागे टाकून जगात पहिल्या क्रमांकावर गेली. जियानिनी यांनी त्याच वर्षी संचालक मंडळाचे अध्यक्षपद सोडले आणि आपल्या मालमत्तेचा सुमारे निम्मा भाग, म्हणजे पाच लाखांहून अधिक डॉलर, वैद्यकीय संशोधन आणि कर्मचाऱ्यांचे शिक्षण यांसाठी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला दिला.

संघर्ष मात्र संपले नाहीत. ट्रान्सअमेरिकाच्या ताब्यात ओरेगन, नेवाडा, अ‍ॅरिझोना, वॉशिंग्टन या राज्यांतील बँका आल्या होत्या. पश्चिम अमेरिकेतील बँकिंगवर ही कंपनी मक्तेदारी प्रस्थापित करत आहे, असा आरोप ठेवून फेडरल रिझर्व्हने १९४८ मध्ये कारवाई सुरू केली. तिचा निकाल लागण्यापूर्वीच जियानिनी यांचे निधन झाले. चिरंजीव आणि बँकेचे अध्यक्ष मारिओ १९५२ मध्ये वारले. १९५३ मध्ये न्यायालयाचा कौल ट्रान्सअमेरिकाच्या बाजूने लागला, परंतु संसदेने १९५६ मध्ये सूत्रधार कंपन्यांना लगाम घालणारा कायदा केला. जियानिनी यांचे आंतरराज्य साम्राज्य त्यामुळे विभागले गेले.

स्वप्न पुरे झाले, पण कोणाचे?

बँक ऑफ अमेरिकाने १९५८ मध्ये फ्रेस्नो शहरात आणलेल्या क्रेडिट कार्डातून पुढे व्हिसा ही व्यवस्था जन्मली. १९६४ पासून ही बँक भारतातही आहे. आंतरराज्य शाखांवरील बंदी मात्र जियानिनी यांच्या मृत्यूनंतर ४५ वर्षे टिकली. १९९४ च्या कायद्याने ती उठली आणि त्यानंतर बँकांच्या विलीनीकरणांची लाट आली. १९९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथील नेशन्सबँकेने बँक ऑफ अमेरिका ताब्यात घेतली. प्रादेशिक बँका गिळत मोठ्या झालेल्या या बँकेने नाव बँक ऑफ अमेरिकाचे घेतले आणि मुख्यालय शार्लटलाच ठेवले. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या एका बँकेचे स्वप्न साकार झाले, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या हातून निर्णयाची सत्ता निसटून. छोट्या गावांच्या बँकर्सना जियानिनी यांच्याविषयी जी भीती वाटे, तीच आता त्यांच्या शहराच्या वाट्याला आली.

एकेकाळी तीस हजारांवर असलेली अमेरिकी बँकांची संख्या आता पाच हजारांच्या खाली आली आहे. तरी जुना वाद मिटलेला नाही. २००८ च्या संकटात महाकाय बँकांना सरकारला वाचवावे लागले, तेव्हा मोठेपण हाच धोका असल्याचे दिसले. मार्च २०२३ मध्ये सांता क्लारा येथील सिलिकॉन व्हॅली बँक ठेवीदारांच्या झुंबडीने कोसळली आणि पाठोपाठ मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोची फर्स्ट रिपब्लिक बँक बुडाली, तेव्हा एका प्रदेशावर आणि एकाच प्रकारच्या ग्राहकांवर विसंबण्याचा धोका पुन्हा समोर आला. ज्या खोऱ्यातून जियानिनी यांनी शेतमाल गोळा केला, तेथेच हे घडले.

जियानिनी यांच्या आयुष्याकडे पाहताना त्यांच्या बँकेच्या आकारापेक्षा त्यांची कर्ज देण्याची रीत अधिक मोलाची वाटते. ठेवीदार कितीही लहान असो, त्याला ओळखले पाहिजे आणि संकटात त्याच्यासाठी दार उघडे ठेवले पाहिजे, हा अडत पेढीवर शिकलेला धडा त्यांनी शाखांच्या जाळ्यातही टिकवण्याचा प्रयत्न केला. मंदीच्या काळात तो अपुरा पडला, हेही तितकेच खरे. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९७३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सामान्यांची बँक मोठी झाल्यावर सामान्यांची राहते का, याचे उत्तर मात्र प्रत्येक पिढीतील बँकर्सना आपल्या कर्जाच्या खिडकीपाशीच द्यावे लागते.